आधी एक दगड पडू द्या

वाचकाचे पत्र: "मी बार्शीत राहतो. वय २७, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. रात्री नऊनंतर दीड तास मोकळा मिळतो. घरी सेकंडहँड डेस्कटॉप आहे: आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सिंहगडाच्या कड्यावर रात्री चढणाऱ्या मावळ्यांचा थ्री-डी गेम करायचे माझे स्वप्न आहे. आठ महिने व्हिडिओ पाहून शिकतो आहे. पाहताना सगळे समजते, पण व्हिडिओ बंद केला की एक ओळ सुचत नाही. एक मोठे गेम इंजिन टाकून पाहिले, तर मशीन दहा-दहा मिनिटे अडकू लागले. पायथन भाषेत एक चौकोन हलवता आला, पण मित्राच्या लॅपटॉपवर तोच चौकोन दुपटीहून जास्त वेगाने पळाला. कारण कळले नाही. इंग्रजी बेताचे आहे, गणित दहावीपर्यंतचे. नवा कॉम्प्युटर घ्यावा का? आधी सी प्लस प्लस शिकावी का? गेममधला मजकूर मराठीत दिसेल का? की या वयात हा नाद सोडून द्यावा?"

प्रिय वाचक,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नाद सोडू नका. नोकरी सांभाळून रोज दीड तास एकाच कामाला देऊ शकणारा माणूस गेम प्रोग्रॅमिंग निश्चित शिकू शकतो, मग त्याचे वय सतरा असो वा सत्तावीस. शिवाय हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाकडे या कामाला लागणारी एक सवय आधीपासूनच असते: ताळा जुळत नसेल, तर फरक कुठून आला हे सापडेपर्यंत तो जागचा उठत नाही. प्रोग्रॅमिंगमधला बराच वेळ याच कामात जातो. नोकरी मात्र या घडीला सोडू नका. पगार हाती असला की चुका करायला मोकळीक राहते, आणि पहिल्या वर्षभरात तुम्हाला भरपूर चुका करायच्या आहेत.

तुमची अडचण बुद्धीची नाही, मशीनचीही नाही. तुम्ही पहिल्याच पायरीला हाती घेतलेले काम एका माणसाच्या संध्याकाळच्या दीड तासांत बसणारे नाही, ही ती अडचण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला 'राजी' हा थ्री-डी गेम २०२० साली बाहेर आला. या क्षेत्रात आधी काम केलेली माणसे त्यामागे होती. चित्र काढणारे, हालचाली घडवणारे, कोड लिहिणारे आणि ध्वनी-संगीत करणारे असे वेगवेगळे हात त्यात राबले, आणि तरीही त्यांना काही वर्षे द्यावी लागली. मावळे, कडा, चांदणे, पहारेकरी, दोर, तलवारबाजी हे सगळे एकट्याने आणि तेही शिकता शिकता करायला निघालात, तर सहा महिन्यांनी तुमच्याजवळ अर्धवट चढलेला एक मावळा असेल आणि मन खट्टू झालेले असेल.

म्हणून स्वप्न तसेच ठेवा आणि त्यातला एक क्षण उचला. १६७० सालच्या त्या रात्रीचा विचार करा. अंधार, उभा कातळ, आणि वर जाणाऱ्याच्या पायाखालून किंवा डोक्यावरून सुटणारा एखादा दगड. तुमचा पहिला गेम एवढाच असू द्या: स्क्रीनच्या तळाशी एक मावळा, जो फक्त डावीकडे-उजवीकडे सरकतो, आणि वरून पडणारे दगड, जे त्याने चुकवायचे. एक मावळा, एक प्रकारचा दगड, एकच स्क्रीन आणि वर कोपऱ्यात किती सेकंद टिकलात त्याचा आकडा. सपाट, टू-डी. तुम्हाला हे फार क्षुल्लक वाटेल, पण या एवढ्याशा गेममध्ये खेळणाऱ्याची सूचना घेणे, वस्तू हलवणे, टक्कर ओळखणे, गुण मोजणे, हार ठरवणे आणि पुन्हा सुरू करणे ही सहाही कामे येतात, आणि मोठ्यातल्या मोठ्या गेमच्या मुळाशी हीच कामे असतात.

अटारी कंपनीचा 'पाँग' हा १९७२ सालचा गेम तुम्ही कुठेतरी पाहिला असेल: दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, मधे उसळणारा चेंडू आणि वर गुण. अ‍ॅलन अल्कॉर्न हा तरुण अभियंता नव्याने कामावर आला होता. अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनी त्याचा हात बसावा म्हणून सरावाचा एक सोपा नमुना करायला सांगितला, तो हा. कंपनीला विकण्यासाठी वेगळेच काही करायचे होते. पण त्या सरावाच्या तुकड्यात खेळण्याची गोडी इतकी उतरली की कंपनीने तोच बाजारात आणला. अल्कॉर्न यांनी चेंडू पट्टीच्या कडेला लागला तर तो जास्त तिरका उडेल अशी सोय केली होती आणि खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढत जाईल अशीही. गेम करणाऱ्याचे खरे काम अशा दोन-तीन निर्णयांत असते, आणि ते निर्णय घेण्याचा सराव लहान गेमवरच होतो.

आता साधनांविषयी. नवा कॉम्प्युटर घेऊ नका. तुमच्याकडे आहे ते मशीन टू-डी गेमसाठी पुरेसे आहे. पुढेमागे थोडे पैसे खर्च करावेसे वाटले आणि तुमच्या डेस्कटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवून घ्या. मशीन सुरू होण्यात आणि प्रोग्रॅम उघडण्यात जो फरक पडेल तो तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. इंजिन, म्हणजे गेम बांधायचे तयार साधन, म्हणून मी तुम्हाला गोडो सुचवतो. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी ते घडवले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. ते पूर्ण मोफत आहे, त्याचा परवाना एमआयटी प्रकारचा आहे, म्हणजे उद्या तुमच्या गेमने पैसे मिळवले तरी त्यातला हिस्सा गोडोच्या कर्त्यांना द्यावा लागत नाही. डाउनलोड दोनशे एमबीच्या आत आहे आणि ते इन्स्टॉलसुद्धा करावे लागत नाही. झिप उघडायची आणि फाइलवर डबल क्लिक करायचे. नवा प्रोजेक्ट करताना ते तुम्हाला रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) विचारील, तिथे 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय निवडा. तो जुन्या मशीनलाही झेपतो, आणि तुमच्या बिनकार्डाच्या आय-थ्रीवर गोडो सुरळीत चालणे बहुतांशी या एका निवडीवर ठरेल.

अनरिअल किंवा युनिटी ही मोठी इंजिने वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. मोठे स्टुडिओ त्यांवर काम करतात आणि नोकरीच्या जाहिरातींत त्यांचीच नावे जास्त दिसतात. पण तुमच्या मशीनवर आणि तुमच्या आजच्या पायरीवर त्यांचा भार जास्त आहे. लहान गेम पुरे करून मिळालेली समज पुढे कोणत्याही इंजिनात नेता येते, कारण फ्रेम, वेग, टक्कर आणि स्थिती या कल्पना सगळीकडे सारख्याच आहेत.

सी प्लस प्लस आधी शिकण्याची गरज नाही. गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्ट नावाची भाषा आहे आणि ती दिसायला पायथनसारखी आहे, त्यामुळे चौकोन हलवण्यापर्यंत तुम्ही जे शिकलात ते वाया जाणार नाही. पायथनप्रमाणेच तिच्यात ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. एकाच ठिकाणी टॅब आणि स्पेस मिसळले की एरर येते, म्हणून पहिल्या दिवसापासून फक्त टॅब वापरा. इंग्रजीची भीती बाळगू नका. रोज लागणारे शब्द इफ, एल्स, फॉर, फंक, व्हार, रिटर्न असे मोजके आहेत, ते आठवड्यात हाताखाली येतात. बाकीची नावे तुमची तुम्ही ठेवायची असतात. माझ्या स्वतःच्या कोडमध्ये मी इंग्रजी अक्षरांत पण मराठी शब्द लिहितो: वेग, दगड, मावळा, उरलेला वेळ. चार महिन्यांनी ती फाइल पुन्हा उघडली, तरी ओळ वाचताक्षणी अर्थ कळतो.

इंग्रजी लागते ते एरर वाचायला, आणि नवे लोक नेमके तिथेच घाबरून जातात. लाल अक्षरे दिसली की खिडकी बंद करण्याची सवय मोडा. एररमध्ये फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. त्या ओळीवर जा आणि आधी स्पेलिंग पाहा. नव्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा भेटणारी तक्रार 'नल इन्स्टन्स' या शब्दांची असते. तिचा अर्थ एवढाच, की तुम्ही ज्या वस्तूला काम सांगितले ती वस्तू त्या नावाने, त्या ठिकाणी सापडली नाही. पुष्कळदा नावातले एखादे अक्षर मोठे-लहान झालेले असते. एका वहीत डाव्या बाजूला एरर आणि उजव्या बाजूला सापडलेले कारण लिहीत जा. ती रोजकीर्द दोन महिन्यांत तुम्हाला कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

व्हिडिओंच्या बाबतीत तुम्ही जे लिहिले आहे ते मला असंख्य शिकणाऱ्यांकडून ऐकायला मिळते. दुसऱ्याला पोहताना पाहून पाण्याची ओळख होत नाही. व्हिडिओ पाहताना प्रत्येक निर्णय समोरच्या माणसाने आधीच घेतलेला असतो, आणि आपण फक्त त्याला मान डोलावतो. तुम्ही यापुढे असे करा: दहा मिनिटांहून लांब तुकडा एका बैठकीत पाहू नका, पाहून झाल्यावर तो बंद करा आणि रिकाम्या फाइलमध्ये आठवेल तसे लिहा. अडलात तर पुन्हा त्या जागेपुरते पाहा. चालू लागले की त्यात स्वतःच्या मनाने एक गोष्ट बदला, जी व्हिडिओत नाही. चौकोन उजवीकडे जात असेल, तर तो स्क्रीनच्या कडेला पोहोचल्यावर मागे वळेल असे करा. हा बदल करायला तुम्हाला चाळीस मिनिटे लागतील आणि त्या चाळीस मिनिटांत तुम्ही आठ महिन्यांत शिकला नाहीत ते शिकाल.

आता तुमच्या पळणाऱ्या चौकोनाकडे येतो, कारण त्या एका प्रश्नात गेम प्रोग्रॅमिंगचा गाभा आहे. हिशेबाचा प्रोग्रॅम आकडे घेतो, उत्तर देतो आणि थांबतो. गेम थांबत नाही. तो एकच चक्र सतत फिरवत राहतो: कोणती कळ दाबली आहे ते पाहा, सगळ्या वस्तू थोड्या पुढे सरकवा, कोण कोणाला आदळले ते तपासा, चित्र नव्याने काढा. या एका फेरीला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम व्हायच्या असतील, तर एका फेरीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तुम्ही चौकोनाला सांगितले असणार, 'प्रत्येक फेरीत ५ पिक्सेल पुढे जा.' तुमच्या मशीनवर सेकंदाला ६० फेऱ्या होत असतील, तर तो सेकंदात ३०० पिक्सेल जातो. मित्राच्या लॅपटॉपचा डिस्प्ले १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, असेल आणि गेम त्या गतीने फिरत असेल, तर तीच ओळ त्याला ७२० पिक्सेल पळवते. कोड चुकीचा नव्हता, पण तुम्ही वेग फेरीच्या हिशेबात सांगितलात, घड्याळाच्या हिशेबात सांगितला नाही.

यावरचा उपाय असा की प्रत्येक फेरीत, मागच्या फेरीपासून किती वेळ गेला हे इंजिनाला विचारायचे. गोडो तो आकडा तुम्हाला सेकंदात देते, त्याचे नाव डेल्टा. मग ओळ अशी होते: नवी जागा = जुनी जागा + वेग × डेल्टा. वेग ३०० ठेवलात, तर ६० फेऱ्यांच्या मशीनवर डेल्टा सुमारे ०.०१६७ येईल आणि चौकोन एका फेरीत ५ पिक्सेल सरकेल. १४४ फेऱ्यांच्या मशीनवर डेल्टा सुमारे ०.००६९ येईल आणि तो २ पिक्सेलांहून थोडा जास्त सरकेल. सेकंदाची बेरीज दोन्हीकडे ३०० होईल. व्याजाचा दर वार्षिक असतो आणि आकारणी दिवसांवर करतात, हे तुम्ही रोज करता. इथे तेच आहे. ही ओळ स्वतःच्या हाताने कागदावर दोन-तीन फेऱ्यांसाठी मांडून पाहा, घाई करू नका.

दगडांचा गेम गोडोत बांधताना मावळ्यासाठी 'कॅरेक्टरबॉडी टू-डी' आणि दगडासाठी 'एरिया टू-डी' हे नोड घ्या. नोड म्हणजे गोडोत गेम ज्या तुकड्यांनी बांधतात तो एक तुकडा. दोघांनाही 'कोलिजन शेप', म्हणजे टक्कर ओळखण्यासाठीचा आकार, जोडायला विसरू नका. तो जोडला नाही किंवा त्यात आकार भरला नाही, तर नोडच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. नवशिके त्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग दगड मावळ्याच्या आरपार का जातो म्हणून तासभर कोड तपासत बसतात. दगड मावळ्याला लागला की 'बॉडी एंटर्ड' हा सिग्नल मिळतो, त्यावर हार जाहीर करायची. दर ०.८ सेकंदांनी नवा दगड सोडण्यासाठी 'टायमर' नोड आहे. दगड तळाच्या खाली गेला की त्याला 'क्यू फ्री' करून काढून टाका. ते केले नाहीत, तर दहा मिनिटांत ७५० दगड दिसेनासे होऊनही खाली पडतच राहतील, आणि तुमचे मशीन त्या प्रत्येकाचा हिशेब ठेवत राहील.

यानंतरचे काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते, आणि बहुतेक शिकवण्यांत ते सुटलेले असते: गेम न्याय्य आहे की नाही हे आकड्यांनी तपासणे. गोडोची नवी खिडकी ११५२ पिक्सेल रुंद आणि ६४८ पिक्सेल उंच असते. दगडाचा वेग सेकंदाला ४०० पिक्सेल धरा, म्हणजे वरून तळापर्यंत यायला त्याला सुमारे १.६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३०० च्या वेगाने मावळा जवळजवळ ४८० पिक्सेल सरकू शकतो. हे फार सोपे झाले. आता दगडाचा वेग १२०० करा. वेळ उरतो ०.५४ सेकंद. त्यातला पाव सेकंद दगड दिसून बोट हलेपर्यंत माणसाचा जातोच. उरलेल्या ०.२९ सेकंदात मावळा सुमारे ८७ पिक्सेल सरकेल. मावळा ४८ पिक्सेल रुंद आणि दगड ४० पिक्सेल रुंद असेल, तर बरोबर डोक्यावर येणारा दगड चुकवायला ४४ पिक्सेल सरकावे लागते. म्हणजे एकटा दगड चुकवता येतो, शेजारी-शेजारी दोन आले तरीही येतो, पण बरोबर डोक्यावर एकमेकांना चिकटून चार आले तर नाही. खेळणारा हरला की त्याला 'माझे चुकले' असे वाटले पाहिजे. 'यात माझा काय दोष' असे वाटले, तर तो पुन्हा खेळणार नाही. हा हिशेब तुम्ही ऑफिसातून घरी येताना तोंडी करू शकाल.

दगड कुठे पडावा हे इंजिनाच्या यादृच्छिक आकड्यावर सोडलेत, तर आणखी एक गंमत दिसेल. कधी सलग दहा-बारा दगड डाव्या बाजूलाच पडतील आणि उजव्या कोपऱ्यात नुसते उभे राहणाराही टिकेल. निव्वळ योगायोग असाच ढिगांनी येतो. त्याऐवजी रुंदीचे १४४ पिक्सेलांचे ८ पट्टे करा, एक ते आठ आकडे एका यादीत घालून ती यादी पिसा, आणि ती संपेपर्यंत एकेक आकडा काढत जा. संपली की पुन्हा पिसा. अशाने आठ दगडांत प्रत्येक पट्ट्यावर एक दगड पडतोच आणि कोपरा कोणालाही आयता मिळत नाही. वरून पडणारे आकार जुळवण्याच्या आजच्या 'टेट्रिस' गेममध्ये सात आकार याच रीतीने, जणू पिशवीतून काढल्यासारखे येतात.

गणिताविषयी एवढेच सांगतो, की या गेमला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. पुढे मावळा चारही दिशांना चालू लागला, की तुम्हाला दिसेल, दोन कळा एकदम दाबल्यावर तो तिरका जास्त वेगाने जातो. तेव्हा दहावीचा पायथागोरस आठवा: आडवा १ आणि उभा १, तर कर्ण १.४१. तेवढ्याच पटीने तो धावतो आहे, आणि ते आवरायला इंजिनात 'नॉर्मलाइज्ड' ही सोय आहे. त्रिकोणमिती लागेल तेव्हा लागेल. आधीपासून पुस्तके घेऊन बसू नका.

चित्रांसाठी अडून राहू नका. पहिले दोन आठवडे मावळा म्हणजे केशरी आयत आणि दगड म्हणजे करडा चौकोन, एवढ्यावर काम करा. आयतांनी खेळताना गंमत वाटत नसेल, तर सुंदर चित्रांनीही ती येणार नाही. नंतर 'केनी' या नावाने मोफत वापराची चित्रे आणि आवाज मिळतात, ते सीसी झिरो परवान्याचे असल्याने निश्चिंतपणे वापरता येतात. इंटरनेटवर दिसलेले कोणाचेही चित्र मात्र उचलू नका. गडांविषयीचा गेम करताना दुसऱ्याच्या कष्टांचा मान राखणे आपल्याला शोभून दिसेल. आवाज लवकर घाला. दगड आदळल्याचा एक 'ठप्प' आणि त्याच क्षणी गेम दशांश सेकंद गोठवणे, एवढ्याने तोच करडा चौकोन जड वाटू लागतो.

मराठी मजकुराविषयी तुम्ही विचारले याचा मला विशेष आनंद झाला. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी नीट जुळत नसे. 'किल्ला' लिहिले, तर पहिली वेलांटी 'क'च्या आधी येण्याऐवजी नंतर दिसायची आणि 'ल्ल'चे तुकडे पडायचे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षरजुळणीची यंत्रणा बदलली, आणि आता जोडाक्षरे बरोबर दिसतात. म्हणून चौथीच घ्या, जुनी घेऊ नका. फॉन्ट मात्र स्वतः प्रोजेक्टमध्ये ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसणार नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' हा फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. 'गेम ओव्हर' ऐवजी तुम्ही काय लिहिणार याचा विचार करून ठेवा. माझे मत विचाराल तर 'पुन्हा चढा'.

वीज जाणार हे गृहीत धरून चाला. दर दहा मिनिटांनी सेव्ह करा आणि रोज उठण्यापूर्वी प्रोजेक्टचे फोल्डर तारखेच्या नावाने पेन ड्राइव्हवर उतरवा. गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारे साधन) पुढे शिका, ती फार उपयोगी गोष्ट आहे, पण पहिल्या महिन्यात तारखेची फोल्डरेही पुरतात. माझी एक हार्ड डिस्क बंद पडली तेव्हा जवळजवळ पुरा झालेला एक गेम गेला. त्याची दुसरी प्रत नव्हती, आणि तो मी पुन्हा कधी लिहू शकलो नाही. गेम गेल्याचे दुःख कोडच्या ओळींचे नव्हते, त्या महिन्यांतल्या उत्साहाचे होते.

आणि गेम पुरा करा. 'पुरा' म्हणजे काय, ते नीट ठरवून ठेवा: सुरुवातीला नाव आणि 'सुरू करा'चे बटण, हरल्यावर आकडा, पुन्हा खेळण्याची सोय, बंद करण्याची सोय, आणि गोडो नसलेल्या मशीनवर चालणारी फाइल. दगड पडू लागल्यावर तुम्हाला वाटेल की मुख्य काम झाले, आता दुसरे काही सुरू करावे. तिथे थांबू नका. या किरकोळ दिसणाऱ्या कामांना उरलेल्या सगळ्याइतकाच वेळ लागतो आणि बहुतेकांचे गेम नेमके याच ठिकाणी फोल्डरात पडून राहतात. रोजच्या दीड तासांत तुम्हाला या सगळ्याला सहा ते आठ आठवडे लागतील असा माझा अंदाज आहे. जास्त लागले तरी बिघडत नाही.

तयार झाला की घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला खेळायला द्या आणि त्याच्या मागे गप्प बसा. 'ती कळ दाब' असेही सांगू नका, कारण गेम लोकांकडे जाईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल. तो कुठे थांबला, कुठे वैतागला, हरल्यावर पुन्हा सुरू केले की उठून गेला, हे वहीत लिहा. त्यानंतर दुरुस्त्या करून गेम इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर मोफत ठेवता येईल. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती काढलीत, तर तुमच्या मित्रांना लिंक उघडण्याशिवाय काही करावे लागणार नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानावर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, तो विचार चौथ्या-पाचव्या गेमनंतर करा.

दुसऱ्या गेममध्ये मावळा वर चढू लागेल, तिसऱ्यात पहारेकऱ्याच्या मशालीचा उजेड येईल आणि त्या उजेडाबाहेर राहायचे असेल. प्रत्येक वेळी एकच नवी गोष्ट. दगडांचा गेम त्या मुलाच्या हाती गेल्यावर मला पुन्हा लिहा, आणि तो नेमका कुठे अडखळला तेवढे कळवा. पुढचा गेम कसा बांधायचा, हे त्यावरून सांगता येईल.